रक्तात नसलेली साखर

१

ताईचं रक्त स्वच्छ निघालं आणि लघवीत साखर सापडली. थोडीथोडकी नाही, भरभरून सापडली. म्हणून विमा कंपनीने अर्ज अडवला, विमा अडला म्हणून बँकेने कर्ज थांबवलं, आणि कर्ज थांबलं म्हणून भाऊजींनी मामांना फोन केला.

"असाल तसे या," भाऊजी म्हणाले. "तुमच्या बहिणीच्या बाटलीत कुणीतरी साखर कालवलीय."

मामा तसे एकाच भाचीचे, पण तिच्यामुळे सगळेच त्यांना मामा म्हणत. विमा कंपनीत मेलेल्या माणसांच्या दाव्यांची तपासणी करण्यात त्यांची नोकरी सरली, आणि लग्न राहूनच गेलं. भाची लहानपणापासून त्यांना 'तपासमामा' म्हणायची. त्या नावात कौतुक किती आणि थट्टा किती, हे त्यांना कधीच ठरवता आलं नव्हतं. निवृत्तीनंतर ते पुस्तकांत तोंड खुपसून बसत. कुणी सल्ला विचारला की आधी त्यांना घाम फुटे.

तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत आत्ताही फुटला होता. दार ताईने उघडलं.

"आलास? म्हणजे यांनी तुलाही जुंपलं."

"सहज आलो."

"तू सहज कुणाकडे जात नाहीस, धाकट्या. बस. पाणी देते."

ताई विज्ञान शिकवायची, पुढे मुख्याध्यापिका झाली. भाऊजी शिंपी. एके काळी त्यांच्या हातचा कोट अंगावर असला की माणूस आरशासमोरून हलत नसे. आता मशीनवर चादर टाकलेली होती. त्यांची नजर कडांकडून विझत चालली होती. उरलेल्या उजेडाबद्दल डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर धरून चाला, पुढचं सांगता येत नाही.

ताईला नवं घर हवं होतं ते यासाठी. जिने नसलेलं, रस्त्याच्या वळणावर, तळमजल्यावर. नजर शिल्लक आहे तोवर भाऊजींनी ते घर पाठ करायचं, म्हणजे पुढे अंधारातही ते त्यांचंच राहील. भाड्याचं घर तिला चालणार नव्हतं. मालकाच्या मनात आलं की बिऱ्हाड हलवायचं, आणि आंधळ्या माणसाने दर वेळी नव्या भिंतींना डोकं आपटत शिकायचं? हे घर विकून येणारे पैसे पुरत नव्हते. वरचं कर्ज ताईच्या पेन्शनवर मिळणार होतं. पण या वयात बँक कर्ज देते ती विम्याच्या भरवशावर. ताईला काही झालं तर विमा कंपनी कर्ज फेडील आणि घर भाऊजींचं राहील. विमा नाही तर कर्ज नाही.

"रक्तात नाही आणि लघवीत आहे, असं सहसा होत नाही म्हणे," भाऊजी म्हणाले. "बँकेतला साहेबच म्हणाला, बाहेरून पडली असेल. ती बाटली सकाळपासून ओट्यावर होती. साखरेच्या डब्याशेजारी."

"त्यात एवढं काय?" ताई आतून म्हणाली. "पुन्हा नमुना द्या म्हणालेत. देईन की. आठवडाभराने."

"आठवडाभराने का? उद्याच दे. त्या घराला दुसरं गिऱ्हाईक टपून बसलंय."

"जरा सर्दी आहे. जाऊ दे ना."

"त्या सकाळी घरात कोण कोण होतं?" मामांनी विचारलं.

"आम्ही दोघं. आपली लेक आली होती भांडायला. तो दलाल आला होता सह्या घ्यायला. मग लॅबची बाई आली. माझाही नमुना घेऊन ठेवला होता हिने, डोळ्यांच्या डॉक्टरांना पाहिजे म्हणाली. बाटल्याच बाटल्या! घराचा दवाखाना केला होता."

ताई पाण्याचा पेला ठेवून आत गेली. भाऊजींनी मान मामांच्या दिशेने वळवली, जराशी चुकीच्या बाजूला, आणि आवाज खाली आणला.

"मला दिसत नाही धड, पण ऐकू येतं. त्या सकाळी चहा एकदाच झाला. साखरेच्या डब्याचं झाकण मात्र दोनदा वाजलं."

२

भाची टपाल कार्यालयाच्या खिडकीवर बसायची. मामा रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, ते खिडकीशी पोचताच सांडलं.

"तपासमामा! तिकीट देऊ की जबाब?"

"तसं नाही गं. म्हणजे... त्या सकाळी..."

"बाबांनी पाठवलं ना? झाकण वाजलं, हेच ना? मलाही ऐकवून झालंय. अरे, त्या दलालाला चहा गोड लागला नाही. 'ताई, एक चमचा अजून' म्हणाला. मी डबा उघडला, त्याच्या कपात घातली, डबा लावला. संपली रहस्यकथा." तिने मागच्या माणसाची पावती फाडून दिली. "मला मोडायचंच असतं तर मी तोंडावर मोडलं असतं, मामा. मोडलंच की! बाटलीत साखर घालायला मला काय धाड भरलीय?"

"काय मोडलंस?"

भाचीचा चेहरा उतरला. "या दोघांना मी माझ्याकडे बोलावलं. तर आई म्हणते, तुझ्या सासू-सासऱ्यांच्या मधे आम्ही कुठे गाद्या घालू? मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, घ्या घर, सुखाने घ्या, फक्त कर्जाला माझी सही मागायला येऊ नका. त्यानंतर तिने मागितली नाही. एकदाही नाही. तुला माहितीये ना ती कशी आहे."

"माहितीये."

"तिचं काहीतरी बिनसलंय रे. तिच्या ताटात मीठ नाही. पाणी पेल्याने मोजून पिते. विचारलं तर म्हणते, निवृत्त झाले तरी शिस्त सुटत नाही. वर्गातल्या मुलासारखं गप्प बसवते मला."

मागून कुणीतरी खाकरलं. मामा ओशाळून बाजूला झाले.

"त्या दलालालाच विचार," भाची म्हणाली. "त्याच्याकडे जास्त भाव देणारा दुसरा माणूस आहे. कर्ज फिसकटलं तर त्याचं भलंच. आणि चहा पिताना आईला हळूच सांगत होता, अजून वेळ आहे, सोनाराकडून सोनं परत घ्या म्हणून." ती थांबली. शिक्का हवेतच राहिला. "मामा, कुठलं सोनं?"

३

दलालाची खोली म्हणजे किल्ल्यांनी भरलेली एक भिंत आणि दोन खुर्च्या. मामांना बसायला सांगून तो स्वतः उभाच राहिला.

"साहेब, माझ्यावर संशय? घ्या. जरूर घ्या. धंदाच असा आहे, माझी बायकोसुद्धा घेते. पण हिशेबाचं बोला. दुसरं गिऱ्हाईक आहे, मान्य. पण तो रोज भाव बदलतो. तुमच्या बहिणीचा शब्द म्हणजे शब्द. मला कोण परवडेल?"

"आणि सोनं?"

दलालाने खिडकीबाहेर पाहिलं. "ते मी बोलायला नको होतं. बँक हवं तेवढं द्यायला तयार होती, साहेब. बाईंनीच आकडा खाली आणला आणि कमी पडलेली रक्कम सोनं विकून भरली. बांगड्यासुद्धा. मी म्हटलं, कशाला? हप्त्यात फारसा फरक नाही. मोठ्या कर्जाला तपासण्या जास्त करतात, एवढीच काय ती कटकट. तर म्हणाल्या, मला कर्जाचं ओझं आवडत नाही. आता ज्याला कर्ज आवडत नाही त्याने घर कशाला घ्यावं?"

मामांना हसू आलं नाही. ताईच्या हातात बांगड्या नव्हत्या, आणि तिने पाण्याचा पेला ठेवला तेव्हा ते आपल्याला दिसलं नव्हतं. एवढी वर्षं लोकांच्या घरांत डोळे रोखून बसलो, आणि सख्ख्या बहिणीचे हात पाहिले नाहीत.

लॅबची बाई मात्र भेटताक्षणीच तडकली.

"ओट्यावरची बाटली? ती मी घेतलीच नाही! भरून ठेवलेला नमुना आम्हाला चालत नाही. मी असताना भरायचा, गरम असतानाच माझ्या हातात द्यायचा आणि तिथेच मी सील लावायचं. ही पद्धत आहे आमची. तुमच्या बहिणीला तसं सांगितलं तर केवढी हुज्जत घातली! शाळेच्या बाई ना? मलाच नियम शिकवायला लागल्या. मग ती बाटली मी ओतून दिली आणि नवी दिली."

"नवी कुठे ठेवली होती?"

"कुठेच नाही. त्या न्हाणीघरातून आल्या, मी दाराशीच उभी होते. त्यांच्या हातातून माझ्या हातात. सील. पिशवी. मी बाहेर." तिने मामांकडे नीट पाहिलं. "का हो? काय झालं? तुम्ही बसा जरा."

मामा बसले. ओट्यावरच्या बाटलीत कुणी पोतंभर साखर ओतली असती तरी ती लॅबपर्यंत पोचणारच नव्हती. जिच्यात साखर निघाली त्या बाटलीला एकाच माणसाचा हात लागला होता.

४

ते थेट ताईकडे गेले नाहीत. बागेतल्या बाकावर बसून राहिले. आपलं चुकत असेल, असं त्यांनी स्वतःला परोपरीने बजावून पाहिलं. सहसा ते पटकन पटायचं. आज पटेना.

ताईने स्वतःच साखर घातली म्हणावी, तर का? जिने घरासाठी अंगावरचं सोनं उतरवलं ती स्वतःच्या अर्जाला सुरुंग लावील? नाही. मग साखर कुणीच घातली नव्हती. ती ताईच्या अंगातूनच आली होती.

जुन्या ओळखीच्या एका डॉक्टरांना त्यांनी फोन लावला. मधुमेह नसलेल्या माणसाच्या लघवीत एवढी साखर येते का?

"येते की," डॉक्टर म्हणाले. "एक गोळी असते, ती साखर लघवीवाटे बाहेर काढते. रक्त स्वच्छ, लघवी गोड."

"पण ती गोळी मधुमेहाची ना?"

"पूर्वी तेवढीच होती. आता हृदय थकलेल्या माणसालाही देतात. मधुमेह नसला तरी. मीठ बंद, पाणी मोजून, आणि ही गोळी. का, कुणाचा दावा आलाय का?"

"नाही," मामा म्हणाले. "अजून नाही."

ताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडत होती. मामा दाराशी उभे राहिले. शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे.

"ये आत. सापडला का चोर?"

"ताई, ती ओट्यावरची बाटली भाऊजींची होती ना?"

तिचे हात थांबले नाहीत.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी लघवी कशाला मागावी?" मामा म्हणाले. "तू विज्ञान शिकवलंस. गोळीच्या खोक्यातली चिठ्ठी तू वाचली असणार. तुझ्या लघवीत काय दिसेल ते तुला ठाऊक होतं. म्हणून भाऊजींची बाटली तुझी म्हणून द्यायची होती. त्या बाईने ती ओतून टाकली आणि तुझा बेत फसला. कर्ज लहान ठेवलंस ते ओझं नको म्हणून नाही. मोठ्या कर्जाला हृदयाची तपासणी लागली असती. आणि आता आठवडाभराने नमुना द्यायचा म्हणतेस, कारण तोवर गोळी बंद ठेवायची आहे." त्यांनी श्वास घेतला. "चुकलं असेल माझं. चुकलं असेल तर सांग गं."

ताईने सुरी खाली ठेवली.

"नाही चुकलं. तू लहानपणीही गणित बरोबर सोडवायचास आणि उत्तर खोडून टाकायचास."

"किती थकलंय?"

"बरंच. डॉक्टर फार वर्षांचं बोलत नाहीत. यांच्या डोळ्यांबद्दल बोलतात तेवढंच माझ्या हृदयाबद्दल बोलतात." ती शांतपणे म्हणाली. "मी आयुष्यात कॉपी केली नाही, आणि कुणाला करू दिली नाही. ही एकच केली. आठवडा गोळी थांबवते, नमुना स्वच्छ येईल. घर होईल. मी गेले की कर्ज फिटेल, आणि हे त्यांच्या घरात राहतील. तू फक्त गप्प बसायचंस. तेवढं तुला छान जमतं."

"गोळी बंद केलीस तर आठवडा तरी काढशील का?"

"बघू की."

"बघू काय? ताई, ऐक. तू गेल्यावर काय होईल ते मला विचार, मी तेच काम केलंय." मामा कधी नव्हे ते मोठ्याने बोलत होते. "कर्ज घेऊन वर्षा-दोन वर्षांत माणूस गेलं की कंपनी माणूस पाठवते. माझ्यासारखाच, सभ्य. तो औषधांच्या दुकानात चहा पितो, शेजाऱ्यांशी गप्पा मारतो. तुझ्या गोळ्या सापडायला त्याला दुपारसुद्धा लागणार नाही. दावा नामंजूर. मग बँक येईल. आणि नुकतं पाठ केलेल्या घरातून भाऊजींना हाताला धरून बाहेर काढतील. तुला वाटतंय तू त्यांना घर देत्येस."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिने आयुष्यभर ज्या मुलाला बोट धरून चालवलं, तो आज तिच्या वाटेत उभा होता.

"मग मी काय करू?" ती म्हणाली. हा प्रश्न तिने त्यांना कधीच विचारला नव्हता. "सांग ना, धाकट्या. काय करू?"



"आधी मला सांगायचंस," दाराशी आवाज आला.

भाऊजी चौकटीला धरून उभे होते.

"अहो, तुम्ही कधीपासून..."

"आत्ताचं विचारतेस की सगळं? रात्री झोपेतून उठून बसतेस तू. श्वास लागतो. मी कूस बदलतो, मुद्दाम, म्हणजे तुला वाटावं मी झोपेत आहे. जिन्यात दर वळणावर मी कठडा चाचपडत थांबतो ना? मला कठडा चांगला सापडतो. तुला दम खाता यावा म्हणून थांबतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या मेहनतीने लपवत होतीस. म्हटलं, राहू दे."

"आणि याला कशाला बोलावलंत मग?"

"ती साखर मला कळेना. त्या गोळीचं मला कुठे माहीत? वाटलं, खरंच कुणीतरी तुझ्या वाईटावर आहे." भाऊजी भिंतीला हात लावत पुढे आले आणि भाजीच्या ताटाशी जमिनीवर बसले. "ती गोळी घे. आत्ता. माझ्या देखत. जेवढं देखत आहे तेवढ्यात."

ताई रडली. मामांनी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. पाहायचंही नव्हतं, म्हणून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

५

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा टपालाच्या रांगेत उभे राहिले. या वेळी त्यांनी वाक्यं जुळवली नाहीत. सगळं सांगून टाकलं. भाचीने खिडकी बंद केली. रांगेतले लोक ओरडले, तिने ऐकलं नाही.

पुढचा हिशेब तिनेच केला. कर्ज तिच्या नावावर घ्यायचं. तिचं वय कमी, म्हणून मुदत लांब आणि हप्ता लहान. आज तो ताईच्या पेन्शनमधून जाईल. उद्या ताईच्या मागे भाऊजींना जी अर्धी पेन्शन मिळेल, तीही त्याला पुरेल. घर कुणाच्या मरणावर टांगून ठेवायला नको. त्या महिन्यात चाचण्या झाल्या त्या भाचीच्या, आणि सगळ्या स्वच्छ निघाल्या.

"एवढं सोपं होतं," भाची बँकेच्या पायऱ्यांवर म्हणाली, "आणि मी तिला म्हटलं, माझी सही मागू नका."

मामांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं. त्यांनी फक्त तिची पिशवी हातात घेतली.

ताईला हे हरल्यासारखं वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही. लेकीच्या डोक्यावर कर्ज ठेवून जायचं नव्हतं तिला. सही होताना ती बँकेत आली नाही. घराची किल्ली मिळाली तेव्हा मात्र तिने ती स्वतः भाऊजींच्या हातात ठेवली आणि त्यांचं बोट किल्लीच्या दातांवरून फिरवलं.

सामान यायच्या आधी चौघं रिकाम्या घरात गेले. एकच खुर्ची होती, ती ताईला दिली. आता तिला रस्ता ओलांडूनही धाप लागत होती. भाऊजी दाराशी उभे राहिले, डोळे मिटून. उरलेली नजर त्यांना आज वापरायची नव्हती.

"डावीकडे भिंत," ताई म्हणाली. "तिला धरून या. थांबा, खिडकी आलीय, दार उघडं आहे तिचं. हां. आता सरळ. तिथे ओटा."

भाऊजी शिंप्याच्या हाताने भिंत मापत होते, वीत टाकून, कापड असल्यासारखी. स्वयंपाकघर झालं. न्हाणीघर झालं. ताई सांगत होती, ते जात होते. परत बाहेरच्या खोलीत आल्यावर ते मधेच थांबले.

"आता सांगू नकोस," भाऊजी म्हणाले.

"का?"

"तू सांगितल्याशिवाय जमतं का ते बघतो."

भाचीने मामांचा दंड धरला. भाऊजी पुन्हा दारापाशी गेले, वळले आणि निघाले. भिंत सापडली. पुढे खिडकीचं उघडं दार बरोबर त्यांच्या कपाळाच्या उंचीवर होतं. मामा पुढे सरसावले. ताईने हात वर करून त्यांना अडवलं. तिचे ओठ उघडले होते.

दार कपाळाला लागलं. भाऊजींनी ते बोटांनी चाचपलं, भिंतीशी लावलं, आणि पुढे गेले.

ताईने ओठ दाताखाली धरले होते, आणि ती ऐकत होती.